चीनचा लाल चहा : नाव नव्हे, पान पाहून घ्या

चीनहून कापड आणणारे आमचे अनेक व्यवसायबंधू शाओशिंग शहरातील केचियाओच्या कापडबाजारात जात असतात. तेथे सौद्याच्या बोलण्याआधी चहा पुढे येतो आणि निरोप घेताना पुष्कळदा लाल-सोनेरी डबा हातात पडतो. हा चहा येथे आणून विकावा, असा विचारही काहींच्या मनात येतो. आमचा धंदा कापडाचा, चहाचा नव्हे. परंतु माल पारखण्याची रीत दोन्हीकडे एकच असल्याने या मालाची थोडी ओळख करून देत आहोत.

लाल की काळा?

चिनी लोक ज्याला ‘होंगचा’ म्हणजे लाल चहा म्हणतात, त्यालाच इंग्रज ‘ब्लॅक टी’ म्हणतात. चिन्यांनी पेल्यातल्या पाण्याचा रंग पाहिला, इंग्रजांनी सुकलेल्या पानाचा, एवढाच फरक. आपल्या घरोघरी उकळणारा आसामचा चहाही या हिशेबाने लाल चहाच ठरतो. चीनमध्ये चहाचे सहा वर्ग मानतात : हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलोंग, लाल आणि गडद. झाड एकाच जातीचे, वेगळी असते ती कृती. लाल चहासाठी खुडलेले पान आधी कोमेजू देतात, मग वळतात, दमट हवेत ठेवून तांबूस होऊ देतात आणि शेवटी सुकवतात.

येथेच व्यापाऱ्याची पहिली फसगत होते. ‘ब्लॅक टी’चे शब्दशः चिनी भाषांतर ‘हेइचा’ होते आणि हेइचा हा गडद, मुरवलेला, पुष्कळदा विटेसारखा दाबलेला वेगळाच माल आहे. दुसरे उदाहरण ‘दा होंग पाओ’चे. त्याचा अर्थ ‘मोठा लाल झगा’, पण तो चहा ऊलोंग वर्गातला. दक्षिण आफ्रिकेचा ‘रॉइबॉस’ही लाल चहा म्हणून विकला जातो, प्रत्यक्षात ते चहाचे झाडच नव्हे. म्हणून मागणी लिहिताना ‘होंगचा’ हा शब्द आणि गावाचे नाव, दोन्ही लिहावे.

तीन मुलुख, तीन चवी

लाल चहाचे मूळ ठिकाण म्हणून फुजियान प्रांतातील वूयी डोंगरातले तोंगमू गाव ओळखले जाते. तेथील पारंपरिक चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. इंग्रजी व्यापारात तो ‘लापसांग सूचोंग’ या नावाने गेला. धुराशिवायचा मालही आता तेथे होतो. धुराबाबत एक सावधगिरी हवी : कापडाला जास्त खळ दिली की विरळ विणकर झाकली जाते, तसा फार धूर हलक्या पानाचे दोष झाकतो.

दुसरा आन्हुई प्रांतातील चीमनचा, ज्याला बाजारात ‘कीमन’ म्हणतात. १८७५ च्या सुमारास तेथे लाल चहा बनू लागला. पान बारीक, काळे आणि घट्ट वळलेले. वास फुलासारखा सौम्य.

तिसरा युन्नानचा ‘दिएनहोंग’. जपानशी युद्ध पेटून पूर्वेकडचे चहाचे मुलुख धोक्यात आले, तेव्हा १९३८-३९ साली युन्नानमधील आजच्या फेंगछिंग भागात हा चहा बनवायला सुरुवात झाली. पान मोठे, आसामच्या जातीचे. त्यात सोनेरी कळ्या दिसतात आणि चव मधाकडे झुकते.

नावाचा भाव

२००५ साली तोंगमू गावात ‘जिन जुन मेई’ हा नवा चहा निघाला. तो फक्त कोवळ्या कळ्यांचा. अर्धा किलो मालाला पन्नास हजारांहून अधिक कळ्या खुडाव्या लागतात. भाव आकाशाला भिडला आणि नक्कल सुरू झाली. या नावाच्या हक्काचा वाद बीजिंगच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली निकाल लागला की हे एका चहाचे सर्वसाधारण नाव झाले आहे, एकट्या कंपनीचा तो ट्रेडमार्क होऊ शकत नाही. म्हणजे डब्यावर हे नाव दिसले म्हणून माल तोंगमूचा असेलच असे नाही. तोंगमूच्या मालात सोनेरी रंगाबरोबर काळाही मिसळलेला असतो. सबंध माल पिवळाधमक दिसला, तर चौकशी करावी.

शब्द तेवढे उरतात आणि माल बदलतो, हे आपल्याकडेही झाले आहे. एके काळी मुंबईहून कापूस आणि पुढे अफू कँटनला जाई आणि तिकडून चहा निघे. महंमद अली रोघे यांच्यासारखे कोकणी व्यापारी या चिनी व्यापारात होते. भारतीय चहाच्या लिलावात आजही चालणारा ‘पेको’ हा शब्द चिनी आहे. मुळात तो पानावरच्या पांढऱ्या लवेसाठी होता, आता तो पानाची प्रत सांगतो. चवीची हमी तो देत नाही.

माल पारखताना

थान घेताना आपण शिक्का पाहून थांबत नाही, पोत बोटांत धरून पाहतो. तसेच येथे करावे. पान एकसारखे आहे का, चुरा किती, वास ताजा की कुबट, हे आधी पाहावे. मग तीन ग्रॅम पान दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावे. पारख करण्याची ही चिनी रीत आहे. दूध-साखर मुळीच नको, त्यात दोष लपतात. पाणी स्वच्छ, झळाळते तांबूस हवे, गढूळ नको. शेवटी भिजलेले पान उलगडून पाहावे. नुसते पिण्यासाठी मात्र पान थोडाच वेळ ठेवावे आणि त्याच पानावर दोन-तीनदा पाणी घालावे.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : गाव कोणते, खुडणी कधीची, कळी की पान? उत्तर बिलावर लिहून घ्यावे आणि नमुन्याची मोहोरबंद पुडी आपल्याकडे ठेवावी. आणलेला डबा हवाबंद आणि कोरड्या जागी ठेवावा. कापडाच्या गोदामात, डांबरगोळ्यांजवळ तर मुळीच नाही, कारण चहा शेजारचा वास लगेच धरतो. विक्रीसाठी आणायचा असेल तर आयात शुल्क आणि अन्न सुरक्षेचे नियम आधी समजून घ्यावेत आणि पहिली खेप लहान मागवावी. दूध-साखरेच्या चहाची सवय असलेले आपले गिऱ्हाईक हा कोरा चहा किती उचलते, याचा अंदाज त्या छोट्या खेपेतच येईल.