खाणीच्या तोंडावरची मोट

नाशिकच्या गंगापूर रोडकडील ज्या वडीलधाऱ्यांनीं विहिरीवरची मोट चालतांना पाहिली असेल, त्यांस कोळशाच्या खाणीवरचें वाफेचें यंत्र समजण्यास श्रम पडावयाचे नाहींत. धावेवरून बैल उतरले कीं नाडा ताणतो आणि मोट वर येते. खाणींत बैलांच्या जागीं वाफ, नाड्याच्या जागीं तारांचा दोर आणि मोटेच्या जागीं कोळशानें अथवा माणसांनीं भरलेला पिंजरा.

परंतु एवढा पालट होण्यास फार काळ लागला. न्यूकोमेनच्या एंजिनानें १७१२ पासून खाणींचें पाणी उपसलें खरें. पण त्याची तुळई केवळ वर-खालीं हाले, तीस चाक फिरवितां येईना. तेव्हां एक विलक्षण युक्ति निघाली. एंजिनानें पाणी उंच चढवावयाचें, तें पाणचक्कीवर सोडावयाचें आणि चक्कीनें दोर गुंडाळावयाचा. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच! पुढें वॉटनें तोड काढली. पण साध्या क्रँकचा मक्ता १७८० त दुसऱ्यानेंच मिळविला होता, म्हणून त्यास दांतेरी चाकांची निराळी योजना करावी लागली. तारांचा दोर जर्मनींतील हार्ट्झ पर्वतांत १८३४ सालीं आला.

रिळावर दोन पिंजरे असतात. एक चढतो तेव्हां दुसरा उतरतो आणि त्यांचीं वजनें परस्परांस तोलतात. चालकास खालचें कांहींच दिसत नाहीं. दर्शकावरचा कांटा आणि घंटेचे ठोके, हेच त्याचे डोळे. इंग्लंडांतील संकेताप्रमाणें तीन ठोके म्हणजे पिंजऱ्यांत माणसें आहेत.

आणि यंत्र शाबूत असूनही माणसें वर येत नाहींत, असेंही घडतें. १६ जानेवारी १८६२ रोजीं नॉर्थंबरलंडांतील हार्टले खाणींत पाणी उपसणाऱ्या एंजिनाची सुमारें ४२ टनांची ओतीव तुळई मोडली व तिचा अर्धा भाग खालीं कोसळला. खाणीस वाट एकच, ती बुजली. २०४ माणसें व मुलें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं पार्लमेंटानें दोन वाटांचा कायदा केला. एवढी साधी गोष्ट सुचण्यास इतके बळी पडावे, हें खेदाचें खरें.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोरें येथें सरकारी खाण होती. तिच्या कोळशासाठीं वर्ध्याहून रेल्वे घातली गेली. ती खाण १९०६ सालीं बंद पडली. हिंदुस्थानांतील खाणींत स्त्रियाही भूगर्भांत उतरत. त्यांस मनाई करण्यास १९२९ त प्रारंभ झाला, युद्धकाळीं १९४३ त ती उठविण्यांत आली आणि १९४६ त पुन्हां लागू झाली.