लॉगिन कुणाचे, हात कुणाचे?

घरात संगणक एकच, त्यावर उबुंटू लिनक्स, आणि वापरणारे तिघे. दादाने स्क्रीन लॉक केली आणि तो क्लासला गेला. धाकटीने ‘स्विच यूजर’ करून स्वतःचे खाते उघडले आणि ती गाणी ऐकत बसली. बाबा ऑफिसातून ‘एसएसएच’ या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने त्याच यंत्रात शिरून एक फाइल शोधताहेत. या क्षणी टर्मिनलवर ‘हू’ हा आदेश दिला, तर बहुधा तिघांचीही नावे समोर येतील. हजर सगळेच आहेत. पण संगणक आत्ता वापरतो आहे कोण?

प्रश्न एक दिसतो, असतात चार. खाती कुणाकुणाची उघडी आहेत? पडद्यावर कुणाचे सत्र पुढे आहे? कळफलकावर शेवटचा हात कधी फिरला? आणि झालेले काम कुणाच्या नावावर मांडायचे? युनिक्स आणि तिच्या वंशातले लिनक्स यांनी या चार प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी शोधली. त्यामुळे ती आजही चार वेगळ्या ठिकाणी ठेवलेली आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला जोडले की हमखास घोटाळा होतो.

पहिली गरज हिशेबाची होती. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोरबातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. एका अतिशय महागड्या यंत्राचा वेळ अनेकांमध्ये वाटून देणे हे तिचे काम. वाटप आले की नोंद आली आणि नोंद आली की ओळख पटवणेही आले. संगणकावरचा पासवर्ड रुजला तो याच व्यवस्थेत. तो फसवायलाही फार दिवस लागले नाहीत. १९६२ साली अ‍ॅलन शेर या तिथल्याच संशोधकाने पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली. हेरगिरी, सूड असे काही त्यामागे नव्हते, वाट्याला आलेला वेळ त्याला पुरत नव्हता एवढेच. दुसऱ्याच्या खात्यात शिरून काम उरकायचे आणि वेळ मात्र त्याच्या नावावर पडायचा. लॉगिन एकाचे आणि हात दुसऱ्याचे, ही अडचण अशी मुळापासूनच या गोष्टीला चिकटलेली आहे.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली, तेव्हा हजेरीची सोय अगदी सुरुवातीलाच केली. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या मार्गदर्शिकेत ‘हू’ हा आदेश आहे. त्याला माहिती पुरवणाऱ्या ‘यूटीएमपी’ आणि ‘डब्ल्यूटीएमपी’ या दोन फायलीही तिथे आहेत. यूटीएमपी म्हणजे आत्ताचा हजेरीपट. कोण, कोणत्या टर्मिनलवर, कधीपासून, एवढेच त्यात असते. डब्ल्यूटीएमपी म्हणजे कायमची वही. तिच्यात प्रत्येक येणे-जाणे खाली जोडले जाते आणि ‘लास्ट’ हा आदेश ती उलटी वाचून दाखवतो. पुढे चुकलेल्या पासवर्डांसाठी ‘बीटीएमपी’ नावाची तिसरी वही आली.

आजच्या नेहमीच्या ६४ बिटी लिनक्सवर या हजेरीपटातली एक नोंद ३८४ बाइटची असते. त्यात खात्याच्या नावाला ३२ बाइट आणि कुठून आला या माहितीला २५६ बाइट. रचना इतकी साधी, की तिचे दुबळेपण चटकन लक्षात येत नाही. हा हजेरीपट कर्नल, म्हणजे प्रणालीचा केंद्रभाग, लिहीत नाही. लॉगिनचा प्रोग्रॅम, एसएसएचची सेवा, लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर, हे सगळे आपापल्या वकुबाप्रमाणे त्यात लिहितात. काही टर्मिनल प्रोग्रॅम प्रत्येक खिडकीमागे एक ओळ टाकायचे, म्हणून एकच माणूस ‘हू’च्या यादीत पाचदा दिसे. काही टाकतच नसत. एखादा प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर जाण्याची नोंद करायला कुणी उरत नाही आणि गेलेला माणूस हजरच राहतो. ‘लास्ट’च्या यादीत ‘क्रॅश’ किंवा ‘गॉन, नो लॉगआउट’ असे शेरे दिसतात ते यामुळे.

यादीतल्या नावावरून माणूस ओळखू येत नाही, ही तक्रारही जुनीच. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लोक यादीवर बोट फिरवत हवा तो माणूस शोधतात, हे लेस अर्नेस्ट यांनी पाहिले आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘फिंगर’ हा प्रोग्रॅम लिहिला. खरे नाव, शेवटचा वावर, किती वेळ निष्क्रिय आहे, आणि ‘प्लॅन’ या फाइलमध्ये माणसाने स्वतःबद्दल लिहून ठेवलेले चार शब्द, असे सारे तो सांगे. युनिक्सवर आल्यावर त्याला नेटवर्कवरून कुणीही, कुठूनही विचारू शकत असे. त्या भाबडेपणाची किंमत २ नोव्हेंबर १९८८ रोजी मोजावी लागली. रॉबर्ट टॅपन मॉरिसने सोडलेला ‘वर्म’ ज्या वाटांनी हजारो यंत्रांत घुसला, त्यांतली एक वाट फिंगरच्या सेवेतून जात होती. ५१२ बाइटच्या जागेत त्याने त्याहून लांब मजकूर कोंबला आणि यंत्राचा ताबा मिळवला. आज फिंगरची सेवा क्वचितच कुठे चालू ठेवतात.

हजेरीपट दोन्ही बाजूंनी वाचता येतो, हे त्याच्या दोन वर्षे आधी बर्कलेत दिसले होते. १९८६च्या ऑगस्टमध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे एक किरकोळ काम आले. संगणकवापराच्या दोन हिशेबांत ७५ सेंटचा फरक पडत होता, तो शोधायचा. फरकाचे मूळ एका अशा खात्यात निघाले, ज्याचे बिल पाठवायला पत्ताच नव्हता. त्या धाग्याने स्टोल पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरमधल्या मार्कस हेसपर्यंत पोचले. तो अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत ‘केजीबी’ला विकत होता. हा घुसखोर आत आला की आधी ‘हू’ चालवून कुणी व्यवस्थापक हजर आहे का ते पाही, आणि दिसलाच तर काढता पाय घेई. सर्वाधिकार मिळवलेल्या माणसाला हजेरीपट खोडताही येतो. म्हणून स्टोल यांनी त्याचे प्रत्येक अक्षर यंत्राबाहेर, दूरध्वनीच्या तारांना जोडलेल्या छपाईयंत्रांवर उतरवून घेतले. सुरक्षेच्या क्षेत्रात आजही नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवून ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे हात कधी फिरला याचे, उत्तर ‘डब्ल्यू’ हा आदेश ‘आयडल’च्या रकान्यात देतो. त्याची युक्ती सोपी आहे. युनिक्सच्या घराण्यात टर्मिनलसुद्धा फाइलच. ती शेवटची कधी वाचली गेली, ती वेळ आत्ताच्या वेळेतून वजा केली की निष्क्रियता मिळते. पण ही वेळ यंत्रावरच्या इतर खात्यांनाही पाहता येते. तिच्यावर सतत नजर ठेवली तर शेजारच्या खात्यात कळ केव्हा दाबली गेली, दोन कळांमध्ये किती अंतर पडले, पासवर्ड किती अक्षरांचा असावा, याचा अंदाज बांधता येतो. २०१३ मध्ये कर्नलच्या कर्त्यांनी ही नोंद आधी बंदच केली, तर ‘डब्ल्यू’चा रकाना बिघडला. मग मिनिटाचा टप्पा ठेवून पाहिला. शेवटी आठ सेकंदांच्या टप्प्यावर तडजोड झाली. माणूस जागेवर आहे की नाही हे कळावे, पण त्याची बोटे कशी चालतात हे कळू नये, अशी ती मर्यादा. हजर कोण हे पाहण्याची सोय आणि पाळत यांच्यातली रेघ कर्नलच्या संहितेत इतकी स्पष्ट आखलेली क्वचितच सापडते.

घरगुती संगणकाला मात्र दुसराच प्रश्न जास्त छळत होता. पडद्यावर सत्र कुणाचे? स्पीकर, माइक, कॅमेरा, पेनड्राइव्ह ही समोर बसलेल्याची साधने. जुनी रीत अशी, की ज्यांना आवाज हवा त्यांना ‘ऑडिओ’ गटात घालायचे. मग दूरवरून एसएसएचने आलेल्यालाही घरातला माइक ऐकता येई. हे थांबवायचे तर हजर कोण एवढे कळून भागत नाही, पुढे कोण आहे हे क्षणाक्षणाला कळावे लागते. आधी ‘कन्सोलकिट’ या प्रोग्रॅमने हे काम पेलायचा प्रयत्न केला. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ‘सिस्टमडी’ सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी त्यात ‘लॉगिनडी’ आले. २०१२च्या फेडोरा १७ या लिनक्स वितरणाने कन्सोलकिटच्या जागी तेच घेतले. आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत हे काम लॉगिनडीकडे आहे.

लॉगिनडी ‘सीट’ मानते, म्हणजे एक पडदा, एक कळफलक, एक माउस आणि त्यांच्यासोबतची साधने. एका सीटवर सत्रे कितीही असोत, एका वेळी सक्रिय एकच. कंट्रोल, अल्ट आणि एखादी एफ-कळ दाबून आभासी कन्सोल बदलला की कर्नल त्याची नोंद एका छोट्या फाइलमध्ये करते. लॉगिनडी तिच्यावर डोळा ठेवून असते. बदल दिसताच ती साधनांवरचे परवाने जुन्या सत्राकडून काढून नव्याला देते. म्हणूनच धाकटी आली की दादाच्या खात्यात चालू राहिलेले गाणे एरवी बंद पडते. शिवाय प्रत्येक सत्राचे प्रोग्रॅम कर्नलच्या ‘सीग्रुप’ या सोयीने एका कुंपणात ठेवलेले असतात. साध्या खात्यातला प्रोग्रॅम कितीही पिल्ले घालो, ती त्याच कुंपणात राहतात. हजेरीपटाला हे कधीच जमले नव्हते.

‘लॉगिनसीटीएल’ हा आदेश ही सारी माहिती उघडून दाखवतो. मुलांनी किती वेळ संगणक वापरला हे मोजणारे प्रोग्रॅम तिच्यावरच चालतात. पण तिथला ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शेरा जपून वाचावा लागतो. एसएसएचच्या सत्राला सीटच नसते, आणि सीट नसलेले सत्र लॉगिनडी नेहमीच सक्रिय धरते. म्हणून बाबा चहाला उठून गेले तरी त्यांचे सत्र सक्रियच दिसेल. स्क्रीन लॉक केली आणि दुसरे कुणी आले नाही, तरी सत्र सक्रियच राहते, लॉक असल्याची खूण वेगळी पाहावी लागते. पडद्यावर नुसता लॉगिनचा चौकोन असेल, तर सक्रिय असते ते डिस्प्ले मॅनेजरचे स्वतःचे सत्र. उलट, दोन तासांचा सिनेमा पाहणाऱ्याचा हात कळफलकाला लागत नाही, पण तो संगणक वापरत नाही असे कोण म्हणेल? आणि एकाच यंत्राला दोन पडदे, दोन कळफलक जोडले, जसे ब्राझीलमधल्या सरकारी शाळांमध्ये जोडले गेले, तर ‘सक्रिय वापरकर्ता कोण’ या प्रश्नाची एकाच क्षणी दोन खरी उत्तरे असतात.

चौथा प्रश्न जबाबदारीचा. समजा, तिघांकडेही ‘सुडो’चा, म्हणजे सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याच्या नावाने आदेश देण्याचा, अधिकार आहे आणि एक महत्त्वाची फाइल रूटच्या नावाने पुसली गेली. पुसली कुणी? यासाठी कर्नलमध्ये ‘लॉगिन यूआयडी’ आहे. आत शिरताना खात्याचा क्रमांक प्रोग्रॅमवर शिक्क्यासारखा उमटतो आणि पुढच्या प्रत्येक पिढीकडे जातो. सुडो करून रूट झाले तरी हा शिक्का बदलत नाही. त्यामुळे ‘ऑडिट’ची नोंद चालू ठेवली असेल, तर रूटच्या कामामागचे मूळ खाते सापडते. मुळात लॉगिनच न झालेल्या, म्हणजे यंत्र सुरू होताना आपोआप चाललेल्या सेवांवर तिथे ४२९४९६७२९५ हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ, कुणाचाच नाही.

महासंगणकावर तर सीट आणि कळफलक हे दोन्ही प्रश्न निरर्थक ठरतात. पुण्यात सी-डॅकचे ‘परम सिद्धी-एआय’ आहे, आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे. दोन्ही लिनक्सवर चालतात. संशोधक दुरून लॉगिन करतो, काम रांगेत लावतो आणि निघून जातो. त्याचा नंबर कदाचित पहाटे लागेल. तेव्हा हजेरीपटात त्याचे नाव नसेल, पण प्रोसेसरचे शेकडो गाभे त्याच्या नावाने राबत असतील. इथे हिशेब लागतो तो रांगेच्या वहीतून. सीटीएसएसच्या काळातला वाटपाचा प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा आहे.

जुना हजेरीपट आता निवृत्तीला आला आहे. त्याच्या नोंदीतली वेळ ३२ बिटांत बसवलेली आहे. ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. नोंदीचा आकार वाढवला तर ती वाचणारे असंख्य जुने प्रोग्रॅम अडखळतात. म्हणून ओपनसुसेच्या थॉर्स्टन कुकुक यांनी वेगळी वाट धरली. आत्ता कोण आहे हे लॉगिनडीला विचारायचे, आणि इतिहास ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ व ‘लास्टलॉग२’ या नव्या डेटाबेसांत ठेवायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने जुने ‘लास्ट’ आणि ‘लास्टलॉग’ काढून हीच व्यवस्था स्वीकारली.

एवढी सगळी यंत्रणा एकाच गृहीतावर उभी आहे, एक माणूस म्हणजे एक खाते. लॉगिनडी खात्याचे सत्र ओळखते, ऑडिट खात्याचा क्रमांक टिपते, वही खात्याचे येणे-जाणे लिहिते. खुर्चीत प्रत्यक्ष कोण बसले आहे हे यांतले कुणीच पाहत नाही. ज्या प्रयोगशाळेत ‘स्टुडंट’ या एकाच खात्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असतो, तिथे या वह्या अचूक असूनही निरुपयोगी असतात, आणि चूक कुणाची हे ठरवताना त्यांचा आधार घेणे अन्यायाचे ठरते. म्हणून सामायिक संगणकावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम बसवण्याआधी प्रत्येकाला स्वतःचे खाते उघडून द्यावे. त्याला खर्च शून्य आहे, आणि ते केले नाही तर बाकी सारी मोजदाद फुकट आहे.