‘एक्स्ट्रीम्ली’ या शब्दाचा अर्थ व उपयोग

वरच्या इयत्तांतील मुलांच्या वह्यांत ‘आय एक्स्ट्रीम्ली लाइक मँगोज’ अशा धर्तीची वाक्ये आढळतात. शिक्षक त्यांवर तांबडी रेघ ओढतात. परंतु चूक कोणती, हे मुलास उमगत नाही. पुढील खेपेस ते मूल तो शब्दच टाळते, आणि एक उपयोगी शब्द त्याच्या हातून जातो.

या चुकीचे मूळ मराठीत आहे. ‘मला आंबा अत्यंत आवडतो’ हे वाक्य मराठीत निर्दोष होय, कारण ‘अत्यंत’ हा शब्द विशेषणापूर्वी येतो तसा क्रियापदापूर्वीही येतो. इंग्रजीत ‘एक्स्ट्रीम्ली’ हे क्रियाविशेषण बहुधा विशेषणास किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणास लावून येते. जसे, ‘एक्स्ट्रीम्ली हॉट’, ‘एक्स्ट्रीम्ली स्लोली’. ‘लाइक’सारख्या क्रियापदामागे ते शोभत नाही, तेथे ‘आय लाइक मँगोज व्हेरी मच’ असेच म्हणावे. तांबड्या रेघेशेजारी शिक्षकांनी हे योग्य वाक्य लिहिले, तर निम्मे काम होते.

अर्थाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे चांगले जुळते. लॅटिन ‘एक्स्ट्रेमुस’ म्हणजे सर्वांत बाहेरचा, अगदी कडेचा. आणि ‘अत्यंत’ म्हणजे अति अधिक अंत, शेवटाच्याही पलीकडचा. फळ्यावर शाळा, गावाची वेस आणि शिवेवरचे शेवटचे झाड काढून त्यांखाली अनुक्रमे ‘हॉट’, ‘व्हेरी हॉट’ व ‘एक्स्ट्रीम्ली हॉट’ लिहावे. वेगळी व्याख्या सांगण्याची गरज उरत नाही.

ज्या गुणात कमीअधिकपणा संभवतो, तेथेच हा शब्द चालतो. ‘डेड’ या शब्दापूर्वी तो येत नाही. मराठीतही ‘अत्यंत मेलेला उंदीर’ कोणी म्हणत नाही, हे मुलांस हसत हसत पटते. ‘परफेक्ट’ अथवा ‘एक्सलंट’ यांच्यापूर्वी ‘ॲब्सोल्यूटली’ घालावे.

‘टू’ या शब्दाशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. चहा ‘एक्स्ट्रीम्ली हॉट’ असला तरी एखादा तो आवडीने पिईल. ‘टू हॉट’ म्हटले की तो पिववत नाही इतका कढत, असे समजावे.

लिहिताना ‘एक्स्ट्रीम’चा शेवटचा ‘ई’ कायम ठेवून पुढे ‘एल’ व ‘वाय’ जोडावेत. मुले तो ‘ई’ हटकून गाळतात. उच्चारात जोर ‘स्ट्रीम’वर द्यावा.