पन्हाळ्याच्या वाटेवर बदलणारी अक्षरे

कोल्हापूरहून निघालेली पन्हाळ्याची एस. टी. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडते, केर्ली मागे टाकते आणि वाघबीळ येताच रत्नागिरीचा रस्ता सोडून चढणीला लागते. प्रवास अवघा वीस किलोमीटरांचा. परंतु तेवढ्या अवधीत प्रवाशांच्या हातातील मोबाईलच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यातील एक लहानसे चिन्ह अनेकदा पालटते. शहरात ‘फाइव्ह-जी’ असते, पुढे ‘फोर-जी’ होते, एखाद्या वळणावर नुसते ‘ई’ उमटते आणि चालू असलेले चलच्चित्र जागच्या जागी थबकते. प्रवाशाचे त्यात फारसे बिघडत नाही. मात्र हेच ‘ई’ रास्तभाव दुकानातील यंत्रावर उमटले म्हणजे अंगठा देऊन उभ्या असलेल्या शिधापत्रिकाधारकाची रांग खोळंबते आणि ग्रामपंचायतीत उमटले म्हणजे दाखला दुसऱ्या दिवसावर जातो. हे अक्षर कोण बदलतो आणि कोणत्या नियमाने बदलतो, हे जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

मधली पायरी निखळलेली शिडी

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू हे दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळची ही व्यवस्था, जिला आज दुसरी पिढी अथवा ‘टू-जी’ म्हणतात, मुळात बोलण्यासाठीच घडविलेली होती. माहितीची ने-आण तिच्यावर मागाहून बसविण्यात आली. ‘जी’ आणि ‘ई’ ही अक्षरे त्या मागाहून बसविलेल्या सोयीची होत. खासगी कंपन्यांसाठी तिसऱ्या पिढीचा लिलाव २०१० मध्ये झाला. चौथी पिढी २०१२ मध्ये आली आणि २०१६ नंतर खेडोपाडी पसरली. पाचवीचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. भारत संचार निगमच्या देशी बनावटीच्या फोर-जी जाळ्याचे उद्घाटन तर अगदी अलीकडचे, २७ सप्टेंबर २०२५ चे आहे.

या पिढ्या एकामागून एक आल्या, पण जुनी गेली आणि नवी आली असा सरळ क्रम राहिला नाही. त्या एकाच मनोऱ्यावर शेजारी शेजारी नांदतात. आपल्याकडे त्यातही एक विशेष घडले. टू-जीवर चालणारे साधे फोन कोट्यवधी लोकांच्या हाती असल्यामुळे ती पिढी टिकली; उलट तिसऱ्या पिढीची वारंवारता चौथीकडे वळविण्यात आली. एअरटेलने २०२० च्या सुमारास आपली थ्री-जी सेवा आटोपती घेतली. जिओचे जाळे तर चौथ्या पिढीपासूनच सुरू झाले. त्याला खालची पायरीच नाही.

याचा व्यवहारातील अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. फोर-जीचा संकेत क्षीण झाला की मोबाईल पूर्वी एक पायरी उतरत असे. आता मधली पायरी निखळल्यामुळे तो थेट टू-जीवर येऊन आदळतो. दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र सेकंदाला दहा मेगाबिट या गतीने दीड-दोन सेकंदांत जाते. टू-जीवर सेकंदाला शंभर किलोबिट मिळाले, तर त्याच छायाचित्राला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. शासकीय कामाची बहुतेक अ‍ॅप तेवढा वेळ थांबत नाहीत. ती ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगून मोकळी होतात.

निर्णय कोणाचा?

मोबाईल खिशात स्वस्थ असतो तेव्हा तो झोपलेला नसतो. दर एक-दोन सेकंदांनी तो क्षणभर जागा होऊन आपल्या मनोऱ्याची हाक ऐकतो आणि संकेताचे बळ मोजतो. मनोरा आपल्या परिसरातील सर्व मोबाईलना एक नियमावली सतत ऐकवीत असतो. कोणत्या वारंवारतेला व कोणत्या पिढीला प्राधान्य द्यावे, संकेत किती खाली गेला की दुसरीकडे पाहावे, दुसरा संकेत किती सरस असला की तिकडे जावे, हे सारे तीत असते. या नियमावलीच्या चौकटीत मोबाईल स्वतः निर्णय घेतो.

माहितीची ने-आण किंवा संभाषण चालू असताना मात्र मोबाईलला हा अधिकार नसतो. तो केवळ मोजमाप कळवितो. निर्णय जाळे घेते. पुढच्या मनोऱ्यावर जागा राखून झाली की आदेश येतो आणि सेकंदाच्या अल्पांशात बदल पार पडतो. फोर-जीच्या एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना हे इतके सफाईने होते की बोलणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

घाटातील रस्त्यावर दोन मनोरे आलटून पालटून वरचढ ठरतात. प्रत्येक वळणावर मोबाईल इकडून तिकडे उड्या मारू लागला, तर त्याची बॅटरी आणि जाळ्याची शक्ती त्यातच खर्ची पडेल. म्हणून दुसरा मनोरा नुसता सरस असून भागत नाही. तो ठरावीक फरकाने आणि ठरावीक काळ सरस असावा लागतो. अक्षर थोडे उशिरा बदलते ते यामुळे.

फोर-जीवरून टू-जीवर उतरणे इतके सफाईदार नसते. बहुधा चालू जोडणी तोडून मोबाईलला खाली धाडले जाते आणि तो नव्याने नोंदणी करतो. त्यात काही सेकंद जातात. परत वर येणे त्याहून कठीण. टू-जीवर माहितीची ने-आण चालू असेपर्यंत मोबाईलला वरच्या पिढीचा शोध घेण्यास पुरेशी उसंत मिळत नाही. अंबरखान्याच्या जाड दगडी भिंतींआड फोर-जी हरपते, हे समजण्यासारखे आहे. पण बाहेर उघड्यावर आल्यावरही पडद्यावर काही काळ ‘ई’ रेंगाळते, ते या कारणाने. अशा वेळी विमान-मोड क्षणभर चालू करून बंद केला की मोबाईल सारा शोध नव्याने करतो आणि बहुतेकदा वर येतो. हा उपाय अडाणी वाटतो खरा, पण त्यामागे शास्त्र आहे.

गडावर रेघा पूर्ण, तरी गती नाही

पन्हाळा भोवतालच्या मुलखापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर मोबाईल उत्तम चालावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. सज्जा कोठीवर उभे राहिले असता वारणेकडचा विस्तीर्ण मुलूख दृष्टीस पडतो. मोबाईललाही तो तसाच दिसतो, आणि नेमकी तीच अडचण होऊ शकते. अनेक गावांचे मनोरे जवळपास सारख्याच आवाजात एकदम बोलू लागतात. कोणीच पुरेसा वरचढ नसल्यामुळे एकाचा संकेत दुसऱ्यात मिसळतो. रेघा भरलेल्या दिसतात, कारण त्या मुख्यतः आवाजाचे बळ मोजतात. त्याचा स्वच्छपणा त्यांत दिसत नाही. मनोऱ्यावरील अँटेना बहुधा किंचित खाली झुकविलेल्या असतात, कारण ग्राहक खालच्या गावांत राहतात. उंचावरचा माणूस त्या झोताच्या वर राहतो.

पायथ्याला याच्या उलट. मनोरा डोंगराच्या एका अंगाला आणि वस्ती दुसऱ्या अंगाला असली, की मधला काळा कातळ लहरी अडवितो. येथे वारंवारतेचा प्रश्न येतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि कड्याच्या धारेवरून थोड्याफार वाकून पलीकडे उतरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक माहिती वाहतात, पण अडथळ्यापुढे लवकर हार मानतात. डोंगराआडच्या गावासाठी ‘पाचवी पिढी केव्हा येणार’ या प्रश्नापेक्षा ‘चौथी पिढी कमी वारंवारतेवर मिळेल काय’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक लोटतात, तेव्हा तिसरेच कारण उद्भवते. संकेत बळकट असतो, स्वच्छही असतो. परंतु एका मनोऱ्याची क्षमता सहस्रावधी मोबाईलमध्ये वाटली जाते. तेथे पिढी बदलून काही साधत नाही.

बोलणे आणि आणीबाणी

‘फोन आला की नेट जाते’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. चौथ्या पिढीच्या जाळ्यात बोलण्यासाठी वेगळा मार्गच नाही. तेथे बोलणेही माहितीच्या तुकड्यांतून जाते. त्यासाठी ‘व्होल्टी’ ही सोय मोबाईलमध्ये असावी व चालू असावी लागते. ती नसेल तर फोन येताच जाळे मोबाईलला टू-जीवर उतरविते आणि बोलणे संपेपर्यंत माहितीची ने-आण खोळंबते. अधिक गतीच्या आशेने काहीजण मोबाईलमध्ये ‘फक्त फोर-जी’ अशी निवड करून ठेवतात. व्होल्टी बंद असताना असे केल्यास फोन येणेच बंद होते. सेटिंगमध्ये सर्व पिढ्यांची स्वयंचलित निवड ठेवणे, हेच श्रेयस्कर.

ही बाब किती गंभीर ठरू शकते, हे ऑस्ट्रेलियात दिसून आले. तेथे ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थ्री-जी बंद करण्यापूर्वी असे आढळले, की काही मोबाईल रोजचे बोलणे फोर-जीवर करीत, परंतु आणीबाणीच्या क्रमांकासाठी गुपचूप थ्री-जीवर उतरत. असे मोबाईल जाळ्यातून वगळावे लागले. आपल्याकडे टू-जी चालू असल्याने तो प्रसंग आलेला नाही. मोबाईलवर ‘केवळ आणीबाणीचे कॉल’ असे दिसते तेव्हा त्याने आपल्या कंपनीचे जाळे न मिळाल्यामुळे दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या मनोऱ्याचा आश्रय घेतलेला असतो. त्या स्थितीत ११२ लावून पाहावा.

जुलैमध्ये पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पावनखिंडीकडे पदयात्रा जातात. त्यांत विद्यार्थ्यांस घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. संकेत क्षीण असता मोबाईल अधिक शक्तीने बोलतो आणि संकेत हरपला की एकेक पिढी, एकेक वारंवारता धुंडाळीत राहतो. त्यातच बॅटरी संपते. चालताना विमान-मोड ठेवावा, मुक्कामी तो उघडावा आणि गटातील मोबाईल एकाच कंपनीचे नसावेत.

ग्रामपंचायतीने तक्रार करावयाची झाल्यास ‘रेंज नाही’ एवढे लिहिणे पुरेसे होत नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली संकेताचे बळ उणे आकड्यात दिसते. फोर-जीसाठी उणे ९० चांगले, उणे ११० क्षीण, उणे १२० च्या आसपास जोडणी तुटू लागते. शाळा, दवाखाना, रास्तभाव दुकान आणि वाडीचे टोक अशा चार ठिकाणी, सकाळी व सायंकाळी, प्रत्येक कंपनीचा हा आकडा आणि पडद्यावरचे अक्षर टिपून घ्यावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेच्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. परिसरात मनोरे कोठे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर पाहता येते. नकाशात गाव फोर-जीच्या रंगात आणि नोंदवहीत मात्र ‘ई’ असेल, तर ती नोंदवही तक्रारीस जोडावी.