आडनावात जपलेला आजोबा

उल्हासनगरचे पहिले रहिवासी म्हणजे १९४७च्या फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या रिकाम्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून त्यांनी संसार थाटले. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, नाव मिळालं उल्हास नदीवरून. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र पत्त्यांत आजही आहे.

मला खरी भुरळ घालतात या सिंधी कुटुंबांची आडनावं! आपल्या ‘कर’मध्ये गाव असतं, त्यांच्या ‘आणी’मध्ये बहुधा मूळपुरुष. अडवाणी म्हणजे दिवाण आडूमल यांचे वंशज. घरदार, शेतीवाडी सिंधमध्येच राहिली, पण पूर्वज नावासोबत इथवर आला. शेजारी कुणी ‘आणी’ असतील तर त्यांच्या मूळपुरुषाचं नाव नक्की विचारा.