कॅमेरा कोणावर ठेवायचा?

पीएचडीला यायचं ठरवलं असेल, तर त्याआधी एक माहितीपट बघा. कोन इचिकावाचा ‘टोकियो ऑलिंपियाड’. १९६४ च्या ऑलिंपिकवरचा, १९६५ साली आलेला. लांबी जवळजवळ तीन तास, तेव्हा रविवारी लावा.

हॉस्टेलवर आम्ही लावला, तर अर्ध्या तासात एकजण वैतागला, “अरे, पण जिंकलं कोण?” गंमत म्हणजे जपानी सरकारचीही तक्रार साधारण हीच होती. त्यांना स्पर्धेची नोंद हवी होती. इचिकावाने चेहरे, पाय, प्रेक्षक टिपले. मॅरेथॉनमध्ये अबेबे बिकिला धावतो, तेव्हा कितीतरी वेळ पडद्यावर फक्त तो असतो.

मी अडकले ती अहमद इसापाशी. चाड १९६० मध्ये स्वतंत्र झाला. इसा तिथला ८०० मीटरचा धावपटू. कॅमेरा त्याच्या मागेमागे जातो. तो सराव करतो, एकटाच जेवतो, उपांत्य फेरीत बाद होतो. पदक नाही, विक्रम नाही.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांकडे या दोन्ही प्रकारच्या बघण्याला नावं आहेत. नजरेत भरेल ते टिपायचं, हे ॲड लिबिटम सॅम्पलिंग. एकच प्राणी धरून ठरलेला वेळ फक्त त्याच्यावरच नजर ठेवायची, तो काहीच करत नसला तरी, हे फोकल सॅम्पलिंग. जीन ऑल्टमन यांचा १९७४ चा पेपर यासाठी वाचाच.

मी तो उशिरा वाचला. पहिल्या वर्षी कॅम्पसमधल्या साळुंक्यांच्या सहा महिने नोंदी केल्या, वही भांडणांनी भरली. गाइडनी एवढंच विचारलं, “आणि भांडत नव्हत्या तेव्हा?” भांडण लांबूनही ऐकू येतं, गवतात किडे टिपणारी साळुंकी नजरेतून सुटते. त्यामुळे तासाला किती भांडणं, हे त्या वहीवरून काढताच येत नाही. चॅप्टर गेला.

इसासुद्धा पक्का फोकल नमुना नाही बरं का! त्याला दिग्दर्शकाने निवडलं, आणि तोही एकटाच. आपल्याला कोणाला, कधी, किती मिनिटं बघायचं हे आधीच ठरवावं लागतं.

आता मी पायात रंगीत कडी घातलेल्या साळुंक्यांच्या चिठ्ठ्या टाकते. प्रत्येकीला दहा मिनिटं. काल जिची चिठ्ठी निघाली, ती दहाही मिनिटं तारेवर बसून होती. तेही लिहिलं.