मुळाशी दुसराच वेल

तासगावच्या एखाद्या द्राक्षबागेत खोडापाशी वाकून पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला एक गाठ दिसेल. गाठीच्या वर थॉमसन, सोनाका, माणिक चमन, नाही तर याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडून काढलेलं तास-ए-गणेश. गाठीच्या खालचा वेल मात्र वेगळाच. बागायतदार त्याला डॉगरीज म्हणतात, कुणी नुसतंच जंगली खुंट. आधी हा खुंट लावायचा, तो रुजून जोमात आला की पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरायचं. फळ वरच्या वेलाला लागतं, पाणी शोधतो तो खालचा.

हा खालचा वेल मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासच्या रानातला. पूर्वी तासगावात थॉमसनची काडी थेट जमिनीत लावत असत. पुढे पाणी खोल गेलं, बोअरचं पाणी मचूळ झालं, जमिनीत क्षार साठू लागले आणि स्वतःच्या मुळांवर उभी असलेली थॉमसन टिकेना. कमी पाणी आणि खारट पाणी, दोन्ही सोसणारी मुळं हवी होती. ती या रानवेलीपाशी सापडली. त्याच्याही शंभर वर्षं आधी फ्रान्सची अशीच सुटका झाली होती. 1860 च्या दशकात फायलोक्सेरा नावाचा, मुळांतला रस शोषणारा बारीक कीटक अमेरिकेतून युरोपात पोचला आणि बागाच्या बागा वाळल्या. औषधं हरली. अमेरिकेतल्या रानवेली या किडीबरोबर पिढ्यान्पिढ्या नांदत आल्या होत्या, त्यांच्या मुळांना ती मारू शकत नव्हती. त्या मुळांवर फ्रेंच द्राक्षांची कलमं भरली, तेव्हा कुठे बागा परत उभ्या राहिल्या.

टेक्सासच्या रानात तो वेल वाढत होता तेव्हा एक दिवस तासगावकडच्या सावळज-मणेराजुरीच्या माणसांचं पोट त्याच्यावर चालेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हाच कुणी ‘निरुपयोगी’ म्हणून ते रान साफ केलं असतं, तर काय गमावलं हेदेखील आपल्याला कळलं नसतं.

हळदीचंही काहीसं असंच आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हे पीक आतून नाजूक आहे. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे तिला बी जवळपास धरत नाही आणि लागवड कायम कंदापासूनच होते. म्हणजे एका जातीचं अख्खं शेत हे एकाच झाडाची नक्कल. कंदकूज एका गड्ड्याला झेपली नाही, तर शेजारच्यालाही झेपत नाही. रोगाशी झुंजण्याचे गुण शोधायला जायचं तर ते हळदीच्या रानातल्या भाऊबंदांकडे. साताऱ्याच्या पश्चिमेला पावसाळ्यात दरडींवर गुलाबी-जांभळ्या तुऱ्याची रानहळद उगवते. रस्ता रुंद करताना पोकलेन पहिल्यांदा खरवडतो ती नेमकी हीच दरड.

‘कधी तरी उपयोगी पडेल’ हे कारण मला खरं वाटतं, पण पुरेसं वाटत नाही. जैवविविधतेचा हिशेब जातींच्या यादीने होत नाही. कोण कुणाला खातं, कोण कुणाला आवरतं, कोण कुणाच्या आधाराने उगवतं, या नात्यांवर सगळं उभं असतं. यातलं एक नातं तुटलं की काय होतं, हे जगाला ज्या जागेने दाखवलं ती सातारा जिल्ह्यातली आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं.

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. जांभा खडक, विरळ गवत आणि वीस-एक वर्षांहून जास्त काळ फिरत असलेल्या पवनचक्क्या. या पठारावर एक देखणा सरडा राहतो. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग उन्हात चमकतात. 2016 साली शास्त्रज्ञांनी ही जात जगासमोर आणली. तिचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा, आणि वर्णनासाठी वापरलेले नमुने याच पठारावरचे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी आमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी इथे एक साधा प्रश्न घेऊन काम केलं. पवनचक्क्या आहेत त्या भागात आणि शेजारच्या, पवनचक्क्या नसलेल्या भागात फरक काय? नोव्हेंबर 2018 मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात उत्तर छापून आलं. कापशी घार, तीसा यांसारखे शिकारी पक्षी पवनचक्क्यांच्या भागात जवळपास चौपटीने कमी होते. त्यांच्या झडपाही तितक्याच कमी. शिकारी कमी म्हटल्यावर सरडे माजले. त्यांची दाटी सुमारे तिप्पट झाली.

वरवर पाहणारा म्हणेल, मग बरंच झालं की, एक दुर्मीळ प्राणी वाढला! संशोधक इथे थांबले नाहीत. त्यांनी सरडे पकडून तपासले, रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली, माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो तेही पाहिलं. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांत ताणाचं संप्रेरक कमी भरलं. माणूस अगदी जवळ आला तरी ते बसून राहत. आकाशातून झडप येते, ही भीती त्यांच्यातून ओसरत चालली होती. खाणारी तोंडं वाढल्यामुळे अंगाने ते रोडावले होते. आणि नरांच्या गळ्यावरचे ते रंग फिके पडले होते.

हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो. पात्यांनी सरड्याला हातही लावलेला नाही. फक्त घारीचं येणं कमी झालं. तेवढ्याने एका प्राण्याचं रक्त, वागणं, वजन आणि रंग बदलला. सरडे किडे खातात, म्हणजे किड्यांवर आणि त्यांच्यापुढे गवतावरही याचा परिणाम पोचत असणार.

पवनचक्क्या नकोत असं मी म्हणत नाही. कोळसा जाळण्यापेक्षा वारा केव्हाही बरा. पण जागा निवडताना ‘पठारावर झाड नाही, म्हणजे तिथे काही नाही’ असं गृहीत धरलं जातं, ते चूक आहे. अशा सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, झाड नसतं कारण तिथे माती जेमतेम असते. त्या उघड्या खडकावर तगणारं जे काही आहे त्यातलं बरंचसं बाहेर कुठे जगत नाही.

कास पठाराने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने शिकवली. सातारा शहरापासून 25 किलोमीटरवरचं हे पठार 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 जागांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं. सुमारे साडेआठशे जातींच्या सपुष्प वनस्पती इथे नोंदल्या आहेत. खडकावर माती जेमतेम, तीही निकस. नत्र मातीतून मिळत नाही म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू ही एवढीशी झाडं किडे पकडून खातात. डबक्यांत वायतुरा फुलतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे आणि सह्याद्रीच्या या पट्ट्याबाहेर तो वाढत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा टोपली कारवी सगळी मिळून फुलते.

वारसा यादीबरोबर गर्दी आली. गाड्या फुलांवर चढू लागल्या तसं पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं. हेतू चांगलाच होता. कुंपणाने माणूस थांबला, त्याच्याबरोबर गुरंही थांबली. कास, एकीव, आटाळी, कुसुंबीची गुरं पिढ्यान्पिढ्या इथे चरत आली होती. ती उंच वाढणारं गवत खुडत, त्यांच्या खुरांनी जमीन मोकळी होई, शेण पडे. चराई थांबल्यावर गवत माजलं, बुटक्या फुलझाडांना ऊन मिळेना, फुलांचे गालिचे विरळ झाल्याची तक्रार गावकरीच करू लागले. अखेर कुंपण काढण्यात आलं. गुरं हीसुद्धा त्या पठाराच्या रचनेतला एक भाग होती, हे गुराख्याला कुणी आधी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

या पठाराचा संबंध फुलं पाहायला न जाणाऱ्यांशीही आहे. कास तलाव सातारा शहराला पाणी पुरवत आला आहे. उरमोडी नदी याच परिसरात उगम पावते, तिचं पाणी परळीच्या धरणात अडतं आणि उपसा योजनेतून माण-खटावच्या कोरड्या शिवारापर्यंत जातं.

तुटलेली नाती माणसाला पुन्हा जोडता येतात का, हे सागरेश्वर अभयारण्यात दिसतं. त्याच्याबद्दल लिहिताना माझ्या मनात आधी आदर येतो. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, त्याच्या शेजारचे डोंगर पार बोडके झाले होते. मोहित्यांचे वडगावचे स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी तिथे जंगल उभं करायचा ध्यास घेतला, लोक जमवले, सरकारच्या मागे लागले. 1985 साली या 10.87 चौरस किलोमीटरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसांनी वसवलेलं अभयारण्य म्हणून ते ओळखलं जातं. हरणं, सांबर सोडली गेली आणि ती छान वाढली. पण हे रान चहूबाजूंनी ऊस आणि द्राक्षांनी वेढलेलं एक बेट आहे. चितळाला आवरणारा मोठा शिकारी सोबत आणलेला नव्हता, आणता येणारही नव्हता. उन्हाळ्यात पाणवठे आटले, चारा संपला की कळप शिवारात उतरतात आणि रात्रीत पीक संपवतात. घारी कमी झालेल्या चाळकेवाडीत सरड्यांचं जे झालं त्याचीच ही मोठी आवृत्ती. मोहित्यांनी एका आयुष्यात डोंगर हिरवा केला. लाखो वर्षांत जुळलेली साखळी एका आयुष्यात जुळवता येत नाही. म्हणून चांदोली आणि कोयना जपणं हे नवं जंगल लावण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. 2010 साली ही दोन्ही जंगलं मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ तिथे हवा तो केवळ त्याच्या रुबाबासाठी नाही. गवे, सांबर, रानडुक्कर यांना धाक हवा, त्यांनी एकाच जागी रोपटी ओरबाडू नयेत आणि कोयनेच्या पाणलोटातली माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवावी, यासाठीही तो हवा.

पूर्वेकडच्या माळांची काळजी मला जास्त वाटते, कारण त्यांच्या बाजूने बोलणारं फारसं कुणी नाही. माण, खटाव, आटपाडी, जतचे गवताळ माळ म्हणजे लांडगा, खोकड, माळटिटवी यांची घरं. धनगरांची मेंढरं, जतच्या माडग्याळची उंच, फुगीर नाकाची मेंढी, खरसुंडीच्या बाजारात उभा राहणारा खिलार बैल, ही सगळी याच माळांची पैदास. दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे खड्डे इथेच पडतात. गवताळ माळावर झाडं दाटीने लावली की गवत मरतं आणि गवताबरोबर मेंढपाळाचं वर्ष मरतं. झाडं जरूर लावावीत, बांधावर, ओढ्याकाठी, गावात. माळ मात्र माळच राहू द्यावा.

बागाही अशाच नात्यांवर उभ्या असतात. आटपाडी-जतच्या डाळिंबांना मधमाश्या फुलांवर आल्या की फळधारणा चांगली होते, म्हणून काही बागायतदार बहरात मधपेट्या आणून ठेवतात. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं, ते सातेरी माश्यांच्या जिवावर. माशीला वर्षभर काहीतरी फुललेलं लागतं: जांभूळ, गेळा, हिरडा, व्हायटी, आणि काही वर्षांनी येणारी कारवी. एकच पीक मैलभर लावलं की महिनाभर चैन आणि उरलेलं वर्ष उपास. डाळिंबाच्या बागेभोवतीचा बांध तणनाशक मारून चकचकीत ठेवणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता हे जपायचं कुणी? 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. या नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळांनी मांडली होती. गावातल्या वैदूला, मेंढपाळाला, मासे धरणाऱ्याला जे माहीत आहे ते त्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं, असा त्यांचा आग्रह होता. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर वह्या भराभर तयार झाल्या. ती वही तुमच्या पंचायतीच्या कपाटात असेल. पुढच्या ग्रामसभेत ती मागून घ्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. गावच्या ओढ्यातले मासे, बांधावरच्या रानभाज्या, माळावरची गवतं त्यात आहेत का ते बघा. नसतील तर धनगरवाड्यावरच्या आणि भोईवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून ती पानं भरून घ्या. गाव सोडून पोरं पुण्या-मुंबईला गेली आहेत आणि ही नावं सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यामुळे हे काम याच पावसाळ्यात सुरू व्हायला हवं.